धावणाऱ्यांचे श्रम कोणाच्या कामी?

इंग्लंडमध्ये १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या अभियंत्याने तुरुंगातील कैद्यांसाठी एक पायचक्की तयार केली. रुंद फिरत्या चाकाच्या परिघावर पायऱ्या बसवलेल्या असत आणि कैद्यांनी रांगेने उभे राहून त्या पायऱ्या तासन् तास चढत राहावयाचे. काही तुरुंगांत या चाकावर धान्य दळले जाई, काही ठिकाणी पाणी उपसले जाई; परंतु पुष्कळ ठिकाणी चाकाला काहीच जोडलेले नसे. कैदी नुसता वारा दळत. श्रम निरर्थक असणे हाच शिक्षेचा गाभा होय, अशी त्या काळच्या दंडशास्त्राची समजूत होती. १८९८ च्या तुरुंगविषयक कायद्याने ही प्रथा मोडीत निघाली. पुढे त्याच नावाचे, पण सरकत्या पट्ट्याचे यंत्र व्यायामशाळांत येऊन बसले. आज ते लंडन-न्यूयॉर्कमध्ये आहे, तसेच पुणे-नाशिक-कोल्हापुरातही आहे. फरक एवढाच की, आता वारा दळण्यासाठी माणसे दरमहा पैसे मोजतात.

यातला विनोदाचा भाग सोडला तरी अर्थशास्त्राचा एक खरा प्रश्न उरतो. ज्या समाजात एका वर्गाला शरीर झिजेपर्यंत राबावे लागते, त्याच समाजात दुसऱ्या वर्गापाशी खर्च न झालेली शारीरिक शक्ती शिल्लक राहते आणि ती कुठे जिरवावी याची त्याला चिंता पडते. ऊसतोड कामगाराला किंवा बाजारसमितीतील हमालाला व्यायामशाळेत जाण्याचा सल्ला कोणी देत नाही. म्हणजे शिल्लक राहिलेली शक्ती ही निसर्गाची देणगी नसून श्रमविभागणीची निष्पत्ती आहे. ही शक्ती पट्ट्यावर जिरवण्याऐवजी समाजाच्या एखाद्या कामी लावता येईल काय, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके साधे नाही.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला धरून एक प्रयोग चालू आहे. आयव्हो गॉर्मली नावाच्या तरुणाने २००९ च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये ‘गुडजिम’ ही संस्था सुरू केली. पूर्व लंडन म्हणजे गोदी कामगारांचा, बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांचा जुना भाग. एकोणिसाव्या शतकापासून दारिद्र्याच्या पाहण्या जेथे होत आल्या, तो हा परिसर. संस्थेची पद्धत अशी : आठवड्यातून एका संध्याकाळी पंधरा-वीस माणसे ठरलेल्या जागी जमतात. प्रशिक्षकाच्या मागोमाग दोन-चार किलोमीटर धावत एखाद्या ठिकाणी पोचतात. ते ठिकाण वस्तीतील सामाईक बाग असेल, शाळा असेल, वृद्धांचे केंद्र असेल, किंवा ज्यांना घरात शिजवायला काही नाही अशांसाठी शिधा गोळा करणारी ‘फूड बँक’ असेल. तेथे अर्धापाऊण तास माती उकरणे, तण काढणे, डब्यांची वर्गवारी लावणे, भिंत रंगवणे असे काम करावयाचे आणि पुन्हा धावत परतावयाचे. याशिवाय दोन-तीन जणांनी मिळून एखाद्या वृद्धाच्या घरचे अडलेले काम करून देण्याचीही सोय असते. रुग्णालयातून घरी येणाऱ्या म्हाताऱ्याला जिना चढवत नाही म्हणून त्याचा पलंग माडीवरून खाली आणून ठेवणे, हे अशा कामांचे नमुनेदार उदाहरण.

या प्रयोगाचा खरा विचारणीय भाग मात्र तिसराच आहे. संस्थेचा प्रारंभच मुळी त्यातून झाला. गॉर्मली एका घरकोंबड्या झालेल्या वृद्ध गृहस्थांकडे वर्तमानपत्र पोचवण्यासाठी धावत जात असे. त्यांना भेटायचे म्हणून धावणे चुकत नसे, आणि धावणे व्हावे म्हणून भेट चुकत नसे. तेव्हा या दोघांत उपकार कोणाचा कोणावर? त्यावरून संस्थेने असा पायंडा पाडला की, ज्या एकाकी वृद्धाकडे धावक दर आठवड्याला जातो, त्या वृद्धाला ‘लाभार्थी’ म्हणावयाचे नाही. ‘कोच’ म्हणावयाचे, म्हणजे धावकाचा प्रशिक्षक. आपली वाट पाहणारे कोणी तरी आहे, ही जाणीव धावकाला पावसाळी संध्याकाळीही घराबाहेर काढते. ते प्रशिक्षकाचेच काम होय.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. दानाचा कडवटपणा दानाच्या वस्तूत नसतो. परतफेड न करता येण्यात असतो. ज्याने आयुष्यभर गोदीत किंवा गिरणीत घाम गाळला, त्याला म्हातारपणी कोणाच्या तरी चांगुलपणाचा विषय होऊन बसावे लागते, तेव्हा मदतीचा घास गिळताना तो अडतो. इंग्रज श्रमिकाला मध्यमवर्गीय धर्मादायाविषयी जो तिटकारा होता आणि मजूर पक्षाच्या जुन्या पिढीने जो बोलून दाखवला, त्याचे मूळ येथे आहे. भेटीला देवघेवीचे स्वरूप आले की, ते ओझे पुष्कळ हलके होते. मराठी शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्याजवळ एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो, तेव्हा कोणी कोणावर दया करीत नाही. नांगरणी अडलेल्याच्या शेतात गावचे नांगर उतरतात आणि तो त्यांना जेवू घालतो, त्या इर्जिकीत मान खाली घालण्याचे कारण नसते. कारण उद्या त्याचाही नांगर दुसऱ्याच्या शेतात उतरणार असतो. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होऊ शकते, ही सहकाराची पहिली अट आहे.

अर्थशास्त्रात संयुक्त उत्पादनाची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी मेंढीची लोकर आणि मांस यांचे उदाहरण दिले. आपल्याकडे ज्वारीचे कणीस आणि कडबा हे सांगता येईल. एकाच खर्चात दोन वस्तू निघतात, आणि त्यांतील एकीचा खर्च वेगळा काढता येत नाही. धावण्याच्या तासात प्रकृती आणि सेवा ही दोन पिके एकदम येत असतील, तर सेवेसाठी वेगळा वेळ काढण्याची अडचण नाहीशी होते. नोकरी, प्रवास आणि संसार यांत पिचलेल्या शहरी माणसाची खरी टंचाई वेळाचीच असते. सेवेची इच्छा त्याच्यापाशी नाही, असे मानण्याला आधार नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरली, तेव्हा इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने स्वयंसेवकांना हाक दिली आणि चार-पाच दिवसांत साडेसात लाख माणसांनी नावे नोंदवली. पुढे त्यांतील अनेकांना आठवडेच्या आठवडे काही कामच मिळाले नाही! इच्छा मुबलक होती. तिला कामाशी जोडणारी संघटना तोकडी पडली. आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेली जागा आणि ठरलेले काम यांची किंमत अशा वेळी कळते.

येथवर सारे गोमटे वाटते. परंतु समाजवाद्याने येथेच थांबून विचारले पाहिजे की, ज्या बागेतले तण हे धावक काढतात, ती बाग राखणारा माळी कोठे गेला?

हा प्रश्न खोडसाळपणाचा नाही. गुडजिमची वाढ ज्या दशकात झाली, ते इंग्लंडमधील काटकसरीचे दशक होते. २०१० मध्ये पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी ‘बिग सोसायटी’ची, म्हणजे विशाल समाजाची, घोषणा केली. सरकारने मागे सरावे आणि समाजाने पुढे यावे, असे तिचे सूत्र होते. समाज किती पुढे आला हे मोजणे कठीण. सरकार किती मागे गेले, हे मात्र मोजले गेले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे २०१०-११ ते २०१७-१८ या काळात इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांना केंद्र सरकारकडून मिळणारा पैसा, भाववाढ वजा जाता, ४९.१ टक्क्यांनी घटला. ग्रंथालये बंद पडली किंवा स्वयंसेवकांच्या हवाली झाली. युवककेंद्रांना टाळी लागली. वृद्धांच्या सेवेला कात्री लागली. जानेवारी २०१८ मध्ये त्याच देशात एकाकीपणाचा प्रश्न एका मंत्र्याकडे सोपवण्यात आला. त्यामागे जो कॉक्स या मजूर पक्षाच्या, २०१६ मध्ये खून झालेल्या, खासदार महिलेने हाती घेतलेल्या कामाची प्रेरणा होती, आणि ती प्रेरणा निर्मळ होती. तथापि माणसे जमण्याच्या जागा एका हाताने बंद करावयाच्या आणि एकाकीपणावर उपाय शोधायला दुसऱ्या हाताने मंत्री नेमावयाचा, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. गुडजिमला काही ठिकाणी खुद्द नगरपालिकांनी आर्थिक साहाय्य दिले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मग हे धावक म्हणजे हसतमुख संपफोडे ठरतात काय? थोडा हिशेब मांडला तर हा आरोप टिकत नाही. वीस माणसांनी चाळीस मिनिटे काम केले, तर श्रमाचे तेरा तास वीस मिनिटे भरतात. म्हणजे आठ तासांच्या कामाचे पुरते दोन दिवसही नव्हेत. एकही आठवडा न चुकता वर्षभर हा क्रम चालला, तरी बेरीज सातशे तासांच्या आतच राहते. आठवड्याला चाळीस तास याप्रमाणे वर्षातील सेहेचाळीस आठवडे काम करणाऱ्या एका कामगाराचे श्रम १,८४० तास होतात. वीस उत्साही धावकांचा वर्षभराचा घाम एका माळ्याच्या कामाच्या दोन-पंचमांशालाही पुरा पडत नाही. शिवाय माळ्याला झाडे कळतात. तेव्हा धावकांच्या जिवावर अंदाजपत्रक सावरू पाहणारा महापौर आणि धावकांमुळे नोकऱ्या जातील म्हणून भिणारा कामगार पुढारी, दोघांचाही हिशेब कच्चा आहे.

धोका आहे तो वेगळ्या जागी. तासांची बेरीज लहान असली तरी छायाचित्र मोठे निघते. स्वयंसेवकांनी स्वच्छ केलेल्या बागेचे चित्र दाखवून माळ्याची रिकामी जागा न भरण्याचे समर्थन करता येते. सेवा खरी असते. तिचा सबबीसाठी होणारा वापर खोटा असतो. म्हणून या प्रयोगाचे मूल्यमापन ‘धावकांनी किती काम केले’ या प्रश्नाने होणार नाही. त्यांनी कोणते काम हाती घेतले आणि कोणते नाकारले, हे पाहावे लागेल.

नाकारण्याची कसोटी फार अवघड नाही. जे काम रोज व्हावे लागते, ज्यासाठी वेतनाची जागा आहे किंवा असावयास हवी, त्याला स्वयंसेवकाने हात लावू नये. रस्त्यांची झाडलोट, गटारांची सफाई, रुग्णशुश्रूषा, शाळेतील शिकवणे ही ती कामे. उलट काही कामे अशी असतात की, त्यांसाठी कोणतेही कार्यालय कधी माणूस नेमणार नाही. माडीवरचा पलंग खाली आणायला चार माणसे लागतात आणि ती दहा मिनिटेच लागतात. चार माणसांची दहा मिनिटे बाजारात सुटी मिळत नाहीत, आणि सरकारी खात्यात तर नाहीतच. शेजारधर्म जोवर शाबूत होता, तोवर हे काम ‘अरे, जरा हात लाव’ एवढ्यावर होत असे. शहरांत तो आटला. म्हातारी एकटी राहते, शेजारी भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतो, मुलगा कॅलिफोर्नियात असतो आणि पलंग माडीवरच राहतो. धावकांचा गट ही पोकळी भरून काढतो, तेव्हा तो कोणाच्या पोटावर पाय देत नाही.

वृद्धाच्या भेटीसंबंधीही असेच म्हणता येईल. वेतन घेणारी परिचारिका औषध देईल, मलमपट्टी करील; ती तिनेच करावी आणि तिला चांगले वेतन मिळावे. परंतु कोणी तरी केवळ आपल्याला भेटायला आले, ही भावना वेतनाने विकत घेता येत नाही. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावरील आपल्या ग्रंथात ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना करून असे दाखवण्याचा प्रयत्न केला की, जेथे रक्त विकत घेतले जाते तेथे ते अधिक दूषित मिळते आणि देण्याची सामाजिक सवयही क्षीण होते. त्यांच्या निष्कर्षांवर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ वाद घातला. केनेथ ॲरो यांनी १९७२ मध्ये त्यावर विस्तृत टीकालेख लिहिला. तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. मात्र टिटमस हे कल्याणकारी राज्याचे कडवे पुरस्कर्ते होते आणि देणगीचे माहात्म्य त्यांनी राज्याला पर्याय म्हणून गायिले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे. ब्रिटनची रक्तदानाची व्यवस्था राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या आधारानेच उभी होती. राज्याची चौकट भक्कम असली की, देण्याला मोकळीक मिळते. ती खिळखिळी झाली की, देणे हे भगदाड बुजवण्याचे काम होऊन बसते.

व्यायाम आणि समाजकार्य यांची जोडी समाजवादी चळवळीला नवीन नाही, हे अलीकडच्या कार्यकर्त्यांना बहुधा ठाऊक नसते. रॉबर्ट ब्लॅचफोर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे सायकलस्वारांचे मंडळ काढले. रविवारी ही मंडळी सायकलींवरून खेड्यांत जात आणि बरोबर अंकांचे नि पत्रकांचे गठ्ठे नेत. सायकल फेरीचा आनंद आणि प्रचार यांत त्यांनी भेद केला नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातील कामगारांनी स्वतःची ऑलिंपिके भरवली : १९२५ मध्ये फ्रँकफुर्टला, १९३१ मध्ये व्हिएन्नाला, १९३७ मध्ये अँटवर्पला. १९३६ मध्ये हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकला उत्तर म्हणून बार्सिलोनात जनतेचे ऑलिंपिक ठरले होते. ते यादवी युद्धामुळे होऊ शकले नाही. आणि इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी कामगार क्रीडा संघाच्या तरुणांनी किंडर स्काऊट या जमीनदारांच्या राखीव पठारावर सामुदायिक चढाई केली, काहींनी त्यासाठी तुरुंगवास सोसला. डोंगरावर पाय ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांचा सवाल होता.

तोच सवाल ८४ वर्षांनी एका वेगळ्या रूपात पुढे आला. ‘पार्करन’ ही चळवळ ऑक्टोबर २००४ मध्ये लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावकांनिशी सुरू झाली. दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, प्रवेशमूल्य नाही, आणि वेळ नोंदण्यापासून वाट दाखवण्यापर्यंतची सर्व कामे स्वयंसेवकांनी करावयाची. २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक येथील बागेसाठी तेथील ग्रामपरिषदेने या धावकांकडून पैसे घेण्याचे ठरवले. बागेच्या देखभालीचा खर्च धावकांनी सोसावा, असे परिषदेचे म्हणणे. सार्वजनिक बागेत चालण्या-धावण्यासाठी पैसे द्यावयाचे नाहीत, हे पार्करनचे तत्त्व. धावणे तेथून उठले. परिषदेवर देशभर टीका झाली. पण गावाच्या तिजोरीत खडखडाट असताना देखभालीचा पैसा आणावा कोठून, याचे उत्तर टीकाकारांनी दिले नाही. सार्वजनिक मैदान फुकट हवे असेल, तर कर भरावा लागतो आणि तो भरला जावा असे उघडपणे म्हणावे लागते. ही अप्रिय गोष्ट धावकांच्या संघटनांनी बोलायला शिकले पाहिजे.

महाराष्ट्राकडे वळले म्हणजे प्रथम आठवते राष्ट्र सेवा दल. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या सेवा दलाच्या शाखेवर खेळ, कवायत, गाणी, बौद्धिक आणि श्रमदान ही एकाच संध्याकाळची अंगे होती आणि मुले-मुली ती बरोबरीने करीत. बाबा आमटे यांनी १९६७ पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली. कोल्हापुरात खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम यांसारख्या तालमी फुटबॉलचे संघ चालवतात. पेठेतल्या सुखदुःखाला तालमीची पोरे धावून जातात हे तेथे कोणाला सांगावे लागत नाही. शरीर कमावणे आणि वस्तीच्या उपयोगी पडणे ही सांगड या मातीत परकी नाही. तालमींचे दार स्त्रियांना दीर्घकाळ बंद होते, हे मात्र त्याच दमात सांगितले पाहिजे.

श्रमदानाचा आपला अनुभवही संमिश्र आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत गावेच्या गावे पहाटे टिकाव-फावडे घेऊन बाहेर काढली. शहरांतील माणसेही त्यासाठी गेली. त्यातील सामुदायिक उत्साह खोटा नव्हता. परंतु बंधाऱ्यामुळे ज्याच्या विहिरीला पाणी वाढते तो जमीनमालक असतो. आणि खणणाऱ्यांत ज्याच्या नावावर गुंठाही नाही असा मजूर असतो, त्याला श्रमदानाच्या दिवसाची मजुरी मिळत नाही आणि पाण्यातही वाटा नसतो. त्या दृष्टीने १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेली रोजगार हमी योजना अधिक न्याय्य होती. तिने बंधारा बांधला आणि बांधणाऱ्याच्या हाती मजुरीही ठेवली. ज्याला श्रम विकून जगावयाचे आहे, त्याच्याकडून श्रमाचे दान मागणे यात संस्कार कसला? श्रमदान शोभते ते ज्याचे पोट भरलेले आहे आणि ज्याच्या अंगात रग शिल्लक आहे त्याला.

स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास एरिक आलस्ट्रोम यांनी सुरू केलेले ‘प्लॉगिंग’, म्हणजे धावता धावता कचरा उचलणे, आता आपल्याकडेही आले आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्र सरकारनेच ‘फिट इंडिया प्लॉग रन’ योजली. पुण्यात असे गट आहेत, त्यांत निष्ठेने येणारे तरुण आहेत. नदीकाठ आणि टेकड्या, जेथे पालिकेचा झाडू पोचत नाही, तेथील त्यांचे काम उपयोगाचे आहे. पण कचरा हा भारतात निव्वळ कचरा नसतो. त्याला जात चिकटलेली असते. हातमोजे चढवून रविवारी तासभर कचरा वेचणाऱ्याचे कौतुक होते. तेच काम पिढ्यान् पिढ्या रोज करणाऱ्या बाईच्या सावलीचाही विटाळ मानला गेला. शिवाय प्लॅस्टिकची बाटली ही कुणाची तरी भाकरी असते. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि पुढे त्याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. प्लॉगिंग करणाऱ्यांनी वेचलेला विक्रीयोग्य माल अशा संघटनेच्या स्वाधीन करणे, आणि तिचा महापालिकेशी करार अडला की सभागृहाबाहेर तिच्या बरोबर उभे राहणे, ही त्यांच्या निष्ठेची परीक्षा मानावी.

आपल्या मोठ्या शहरांतील धावण्याला अलीकडे दातृत्वाचीही जोड मिळाली आहे. २००४ पासूनच्या मुंबई मॅरेथॉनमधून सेवाभावी संस्थांसाठी बराच निधी जमा होतो. त्यावर येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही; पैसा देणे आणि आपल्याच वस्तीतल्या म्हातारीच्या दारात जाऊन उभे राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत एवढे पुरे. गुडजिमसारखा उपक्रम महाराष्ट्रातील शहरांत रुजू शकेल. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या सहनिवासांत मुले परदेशी असलेली वृद्ध जोडपी आहेत, कोकणात मुंबईकर मुलांच्या मनीऑर्डरीवर दिवस काढलेली माणसे आता एकेकटी उरली आहेत. इंग्लंडमध्ये वृद्धाच्या घरी एकट्याने जाणाऱ्या धावकाची गुन्हेविषयक नोंद आधी तपासली जाते. तशी काही व्यवस्था येथेही लागेल, आणि ती पक्षाच्या शिफारशीने भागणार नाही.

परंतु महाराष्ट्रात सामुदायिक धावणे म्हणजे शहरांतील रंगीत बनियनवाले, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी पहाटे पाचला एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेर जाऊन पाहावे. रस्त्याच्या कडेने, अंधारात, मुलामुलींचे थवेच्या थवे धावत असतात. मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरावीक वेळात पार करावयाचे असते, कारण पोलीस भरतीची मैदानी चाचणी तशी आहे. शेतकऱ्याची, शेतमजुराची, भटक्या-विमुक्तांची ही लेकरे. कित्येक वर्षांनुवर्षे धावतात आणि वयोमर्यादा ओलांडून घरी बसतात. सर्वांत मोठी धावती संघटना जर राज्यात कोणती असेल तर ती ही, आणि तिला नाव नाही. त्यांच्यापाशी जाऊन ‘धावता धावता समाजासाठीही काही करा’ असे सांगण्याचा मोह कार्यकर्त्याला होईल. तो त्याने आवरावा. हे तरुण शिल्लक शक्ती जिरवीत नाहीत. नोकरीच्या बाजारात आपले शरीर उभे करीत असतात. त्यांच्याकडे प्रथम मागावयाचे नाही, द्यावयाचे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारे तीन तरुण बसखाली सापडून मेले. ते रस्त्यावर धावत होते, कारण गावोगावच्या मुलांना मैदान नाही. कोठे असले तर त्यावर दिवा नाही, मुलींसाठी आडोसा नाही, काट्याकुट्यांनी ते भरलेले असते किंवा त्यावर लग्नाचा मांडव असतो. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याखाली खेळाच्या मैदानाचे काम घेता येत असे. फार थोड्या ग्रामपंचायतींनी ते मागितले. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांचे धावण्याचे गट आहेत. एखाद्या रविवारी त्यांनी आपली वाट बदलून जवळच्या खेड्यातील मैदानापर्यंत धावत जावे, तेथील मुलामुलींबरोबर चारशे मीटरची धाव आखून चुन्याच्या रेषा ओढाव्यात, काटेरी झुडपे काढावीत. आणि सपाटीकरण, कुंपण, दिवे व मुलींच्या स्वच्छतागृहाची मागणी लिहून, त्या मुलांच्याच सह्यांनी, ग्रामसभेत मांडायला त्यांच्या बरोबर जावे. सपाटीकरणाची मजुरी मात्र गावातल्या मजुराला मिळावी, आणि ती सरकारने द्यावी.